गोठ्यातलं चित्र भिंतीवर

शकुबाईला संशय घ्यायला एरवी कारण लागत नसे, पण या खेपेला कारण होतं. चिमणीचं दूध आटत चाललं होतं. चिमणी म्हणजे म्हैस. अंगानं हत्ती आणि नाव चिमणी. आता ठेवणाऱ्यापुढं कोण बोलणार! व्याली तेव्हा चरवीत फेस मावत नव्हता. आता त्याच चरवीचा तळ झाकताना नाकी नऊ यायचे. पेंड तीच, मका तोच, आणि डॉक्टर तपासून सांगून गेलेला की म्हैस ठणठणीत आहे. मग दूध जातं कुठं? भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, शकुबाईच्या डोक्यात तेवढं एकच चालायचं.

चिमणीला धार काढायला रेश्माच लागायची. दुसरं कुणी कासेखाली बसलं की लाथ ठरलेली. शकुबाईनं ती एकदा खाल्ली होती आणि तेव्हापासून ती गुडघा धरूनच उठायची. रेश्मा तिची धाकटी जाऊ, दीर युवराजची बायको. युवराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. शेत आणि गोठा शकुबाईचा नवरा मानसिंग बघायचा, आणि मानसिंगला शकुबाई बघायची. कळंबातलं हे घर असं एका चुलीवर चाललं होतं. भावकीत बाकी सगळे कधीच वेगळे झाले होते, म्हणून या एका चुलीचं गावात मोठं कौतुक होतं.

रेश्मा वागायला मऊ. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, की त्याच्याशी कधी तोंड वर करून बोलली नाही. मानसिंगला चहा द्यायचा तर कप उंबऱ्यावर ठेवून बाजूला व्हायची. लोक म्हणायचे, अशी सून मिळायला नशीब लागतं. शकुबाई म्हणायची, लई गोड बोलणारीवर डोळा ठेवावा. आणि डोळा ठेवल्यावर दिसतंच काही ना काही. एके दिवशी भल्या सकाळी धार काढायच्या आधीच रेश्माच्या पदराला दुधाचा वास आला. आता सांगा, म्हशीखाली बसायच्या आधी पदराला दूध लागलं कसं? त्यात रेश्माचा भाऊ सकाळी मोटरसायकलवरून बारामतीला जायचा, तो याच रस्त्यानं. झालं! शकुबाईचं ठरलं. ही अंधारात उठते, आधी आपल्यापुरतं काढून घेते आणि दूध माहेरी धाडते.

तिनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं. मानसिंग जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"अगं म्हशीचं काय, आटती कवातरी," तो म्हणाला. "उगं घर मोडू नगंस."

"मी मोडती व्हय? चोरी करनारी न्हाय मोडत, आन पकडनारी मोडती?"

"चोरी कुनी केली? तू बघितलीस?"

"बघनार हाय," शकुबाई म्हणाली.

आणि ती बघणार होती ते कसं, हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मागच्या साली वस्तीवरच्या विहिरींच्या मोटारी चोरीला गेल्या तेव्हा युवराजनं घराभोवती कॅमेरे बसवले होते. त्यांचा रेकॉर्डिंगचा डबा माजघरात फळीवर ठेवलेला. त्याला लावलेला टीव्ही उन्हाळ्यात लाइटीचा दाब वाढून जळाला, तेव्हापासून सगळे समजत होते की कॅमेरेही मेले. पण डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतो, हे शकुबाईनं हेरलं होतं. एक दिवस घरात कुणी नसताना तिनं झाडूच्या दांड्यानं गोठ्याच्या तोंडावरचा कॅमेरा ढकलत ढकलत आत वळवला, नेमका चिमणीवर. आणि कुणाला चकार शब्द बोलली नाही.

आता चित्र तर डब्यात साठत होतं, पण बघायचं कशावर? तेवढ्यात युवराजनं प्रोजेक्टर आणला. क्रिकेट बघायला घेतलेला, घरगुती, भाकरीच्या डब्याएवढा. पहिल्या रविवारी भिंतीवर मॅच लागली, तर भावकीतले थोरले आबासाहेब चेंडू आला की मान खाली घालायचे. सगळे हसत होते. शकुबाई हसली नाही. तिनं विचारलं,

"भावजी, ह्याच्यावर क्यामेऱ्याचं चित्र दिसंल का?"

"डबा चालू आसंल तर दिसंल की," युवराज म्हणाला. "एचडीएमआयची केबल लागंल फकस्त, चांगली लांब. डबा तितं फळीवर, आन ही मशीन हितं."

"मंग येत्या ऐतवारी लावायचं. मी क्यामेरा गोठ्यात वळवलाय. चिमणीचं दूध कोन नेतंय ते सगळ्यांना बसवून दावनार हाय. आबा, तुमी यायचं. आत्याबाईंनाबी घिऊन या."

आत्याबाई म्हणजे आबासाहेबांच्या मंडळी, प्रयागबाई. त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पलीकडच्या जंक्शन गावच्या चौकात पोहोचते, हे शकुबाईला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांना बोलवायचं. नुसतं आपण बघून काय उपयोग? उद्या रेश्मा रडली की सगळे तिच्याकडून बोलणार. भिंतीएवढं चित्र सगळ्यांनी मिळून बघितलं की कुणाला तोंड उघडायला जागा राहत नाही.

रेश्मा कपबशा गोळा करत होती. तिच्या हातातली एक बशी खाली पडून फुटली. शकुबाईच्या मनात लाडू फुटला.

"केबल मी आनतो," मानसिंग एकदम म्हणाला. "मला बारामतीला खतं बघायला जायाचंच हाय."

त्यानं केबल आणली. युवराजनं पिशवीतून काढली आणि कपाळाला हात लावला. "दादा, ही न्हवं. ही जुन्या कंप्युटरची. हिला ह्ये स्क्रू हायती बघा. आपल्या प्रोजेक्टरला ही लावायला जागाच न्हाय."

"दुकानदारानं दिली. मला काय त्यातलं कळतंय!"

शकुबाईचा या नवऱ्यावर ऊस सोडून कशातच विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः केबल पिशवीत घालून एसटीनं बारामतीला गेली. दुकानदार पोरगेला, बोलका. केबल बघून हसला.

"मावशी, मी तुमच्या मालकांना म्हटलं होतं, प्रोजेक्टर नवा असेल तर एचडीएमआय न्या. तर म्हणाले, न्हाय, हीच दे. म्हटलं ही बसायची नाही. तरी हीच मागितली."

शकुबाई विचारात पडली. मग तिला उलगडलं. कुणीतरी त्याला मुद्दाम चुकीचं सांगून धाडलं होतं. कोण असणार दुसरं! बशी फोडणारी. तिनं दुकानदाराला नवी केबल दुकानातल्या टीव्हीला लावून दाखवायला लावली, उलटसुलट दोन्ही टोकं तपासून घेतली, आणि परत येताना पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. घरी आल्यावर केबल स्वतःच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. पेटीत छकुलीच्या लहानपणच्या बांगड्या होत्या, त्यांच्याखाली. छकुली तिची एकुलती एक लेक, बारामतीला होस्टेलवर राहून शिकायची.

रविवार उजाडला. दुपारी जेवणं उरकून माजघराच्या खिडक्यांवर वाकळा टाकल्या, दारं ओढली, भिंतीला पांढरी चादर ठोकली. आबासाहेब खुर्चीवर, प्रयागबाई खाली भिंतीला टेकून, पानाची चंची उघडून तयार. रेश्मा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. मानसिंग आत-बाहेर करत होता. एकदा तो शकुबाईच्या कानाशी येऊन म्हणाला,

"ह्ये बंद कर. ऐक माजं. मी सांगतो तुला मागनं सगळं."

"मागनं कशाला? आत्ता सांगा."

त्यानं आबासाहेबांकडं बघितलं, प्रयागबाईंकडं बघितलं आणि परत दाराकडं वळला.

युवराजनं केबलचं एक टोक फळीवरच्या डब्यात खुपसलं, दुसरं प्रोजेक्टरमध्ये. चादरीवर निळा उजेड पडला आणि कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी आलं. "सिग्नल न्हाय म्हनतंय," युवराज म्हणाला. "रिमोट कुठं हाय?"

रिमोट सापडेना. कोनाडे बघून झाले, गाद्या झटकून झाल्या. शेवटी निघाला कुठं, तर खुंटीला टांगलेल्या मानसिंगच्या सदऱ्याच्या खिशात. दुसरी कुणी बाई असती तर तिथंच नवऱ्याची मानगूट धरली असती. शकुबाईनं रेश्माकडं बघितलं. म्हणजे हिनं माझ्या नवऱ्याच्या खिशात टाकून ठेवला होय? काय धाडस म्हणावं!

युवराजनं रिमोटनं एकेक जोडणी बदलून बघितली. निळ्याचं काळं झालं, काळ्याचं परत निळं झालं. "टीव्ही लागतो का ह्याच्यावर?" प्रयागबाईंनी मधेच विचारलं. मग युवराजला सुचलं. त्यानं केबल तशीच ठेवून डबा बंद केला आणि पुन्हा चालू केला. डब्यानं कुईऽ केलं, आणि चादरीवर घराच्या चारी बाजू चार चौकटींत उमटल्या. अंगण, फाटक, विहिरीची वाट आणि चिमणी.

"आलं!" आबासाहेब म्हणाले.

चित्र एका अंगाला उतरतं पडत होतं. युवराजनं प्रोजेक्टरच्या पायाखाली घडी घातलेलं फडकं सरकवलं, माऊसनं चिमणीची चौकट मोठी केली आणि विचारलं, "वैनी, कवाचं लावू?"

"मागल्या ऐतवारच्या पहाटंचं, मी सांगायच्या आधीचं. धारंच्या आधीचं."

अंधारातलं चित्र ते, कॅमेऱ्यानं राखाडी करून टाकलेलं. चिमणी रवंथ करत उभी. पलीकडच्या मेखेला रेडकू बांधलेलं. चिमणीला हल्या, म्हणजे नर झाला होता. रेडी झाली असती तर तिला पोटभर दूध मिळालं असतं. हल्याला कोण पाजतंय? पान्हा फुटायपुरतं त्याचं तोंड कासेला लावायचं आणि ओढून दूर बांधायचं. जगला तर जगला. बऱ्याच गोठ्यांत हेच चालतं, मोठ्यानं कुणी बोलत नाही एवढंच. या घरात तसा हुकूम शकुबाईचाच होता.

चादरीवर गोठ्याचं फाटक हललं. डोक्यावरून पदर घेतलेली बाई आत आली. रेश्मा.

"बघा!" शकुबाई ओरडली. "बघा, आबा! मी काय म्हनत व्हते? धारंला अजून किती येळ हाय, आन ही बघा!"

प्रयागबाईंनी पान तोंडात घालायचं थांबवलं. दाराआडून रेश्माचा हुंदका आला. शकुबाईला इतकं हलकं वाटलं, की गुडघ्याचं दुखणंही क्षणभर विसरलं. आता हिच्या हातात भांडं दिसू दे, की मिटलं.

पण रेश्माच्या हातात भांडं नव्हतं. ती चिमणीच्या मानेवरून हात फिरवत उभी राहिली आणि फाटकाकडं बघत राहिली, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. मग फाटक पुन्हा हललं आणि एक माणूस आत आला. खांद्यावर टॉवेल, चालताना डावा खांदा जरा खाली. ती चाल शकुबाईनं लग्न झाल्यापासून बघितली होती. मोटार चालू करायला म्हणून रोज अंधारात घराबाहेर पडणारा तिचा नवरा.

ज्या दिरासमोर ही बाई पदर ढळू देत नव्हती, तो दीर आणि ती, पहाटेच्या अंधारात दोघंच, भिंतीएवढी. अगं आई, हे काय केलं मी! तिनं युवराजकडं बघितलं. प्रोजेक्टरचा उजेड खालून त्याच्या तोंडावर पडला होता. त्याच्या हातातला माऊस तसाच होता आणि पापणी लवत नव्हती.

मानसिंग उठला आणि बोर्डाकडं निघाला, बटण बंद करायला.

"बसा खाली!" शकुबाई म्हणाली. तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. "पुरं बघू द्या समद्यांना. आर्धं बघून कुनी उठायचं न्हाय."

कारण एवढं तिला त्या घटकेला लख्ख कळलं होतं: चित्र इथं थांबलं, तर पुढचं गाव आपल्या मनानं रंगवणार.

चित्र पुढं सरकलं. मानसिंगनं हल्याचं दावं सोडलं. रेश्मानं चिमणीच्या तोंडाशी पेंडेची पाटी धरली, आणि हल्या धडपडत कासेला गेला. किती वेळ तो ढुशा देत पीत होता आणि मानसिंग त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. हाच मानसिंग चारचौघांत म्हणायचा, हल्या जगून करनार काय! पिऊन झाल्यावर रेश्मानं पदराच्या टोकानं हल्याचं तोंड पुसलं. मानसिंग आधी निघून गेला. ती मागाहून गेली. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती, एकमेकांकडं धड बघितलंसुद्धा नव्हतं. मी सांगतो, त्यात काळंबेरं काही नव्हतं. एक कडक म्हणवणारा माणूस रेडकाच्या ओरडण्यानं झोपू शकत नव्हता, त्याला बायकोची धास्ती होती, आणि म्हैस फक्त धाकटीलाच जवळ येऊ देत होती. एवढीच गोष्ट.

पण प्रयागबाईंनी पान गालात सरकवलं आणि म्हणाल्या, "रेडकू पाजायचं तर दिवसा पाजावं की. चोरून, आंधारात, दोघांनीच कशाला?"

रेश्मा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. तिला रडूसुद्धा येत नव्हतं. मानसिंगनं काहीही सांगितलं असतं तरी ते आता सारवासारवच वाटलं असतं.

शकुबाई गुडघा धरून उठली.

"मीच सांगितलं व्हतं त्यास्नी," ती म्हणाली.

"तू?" आबासाहेब म्हणाले.

"मी. हल्या मराया टेकला व्हता, मला बघवंना. पन मीच दूध न्हाय म्हनून बसलेली, मग आता कुठल्या तोंडानं पाजू? म्हनून म्हनलं तुमी दोघं गुपचूप पाजा, मला कळल्यालं दावू नगा."

"मग सूनबाई, चोर पकडायचा म्हनून आमाला कशाला बोलावलंस?"

सगळे तिच्याकडं बघत होते. जन्मात शकुबाईनं कुणाला आपल्याला येडी म्हणू दिलं नव्हतं. "माज्या ध्यानातच न्हाय ऱ्हायलं, आबा," ती म्हणाली. "डोस्कं फिरलंय माजं. गुडघ्याच्या गोळ्या खाऊन खाऊन काय बोलती, काय करती, कायबी ठाऊक ऱ्हात न्हाय."

आबासाहेब आधी गडबडले, मग पोट धरून हसले. प्रयागबाईही हसल्या, पण डोळे बारीक करून. "येडीच हायस गं शकू," असं म्हणत त्यांनी चंची आवळली. चहाला थांबल्या नाहीत. जाऊ दे. गावभर शकुबाई येडी झाली, एवढंच पसरलं असतं तर तिला सोनंनाणं मिळाल्यासारखं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर तिनं मानसिंगला एवढंच विचारलं, "मला सांगाया काय झालं व्हतं?"

"सांगितलं असतं तर पाजू दिलं असतंस?"

शकुबाई भिंतीवरची चादर सोडवायला लागली. मानसिंग बाहेर निघून गेला. रेश्मा आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसली होती. माजघरात युवराज एकटाच केबल गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकेक वेढा नीट, परत सोडून परत गुंडाळत.

"वैनी," त्यानं मान वर न करता विचारलं, "तुमी खरंच सांगितलं व्हतं का त्यास्नी?"

आता शकुबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, आणि ती चरकली. तो चेहरा तिला चांगला ओळखीचा होता. झोप उडालेला, प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीला जोडून बघणारा. चुकीची केबल, खिशातला रिमोट, फुटलेली बशी, सगळं त्याच्याही डोक्यात आता रांगेला लागलं होतं. पण तो ते म्हशीच्या दुधाला जोडत नव्हता.

"व्हय," ती म्हणाली.

"शपथ घ्या."

"छकुलीची शपथ."

शब्द तोंडातून निघून गेला. एकुलत्या एका लेकीची खोटी शपथ! ज्या बाईनं कधी कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही, ती आज पोटच्या पोरीच्या जिवावर एका खोट्याला टेकू देत होती. मनात तिनं माहीत असतील तेवढ्या देवांना हात जोडले.

युवराजनं मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाला. केबल खुंटीला अडकवली आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी शकुबाई सगळ्यांच्या आधी उठली. आता हल्याला उजळ माथ्यानं पाजायचं, स्वतः उभं राहून, तिनं रात्रभर तेच ठरवलं होतं. तिनं रेश्माच्या दारावर हळू थाप मारली. रेश्मा जागीच होती. काही न बोलता बाहेर आली. शकुबाईनं तिचा हात धरला. रेश्मानं तो सोडवून घेतला नाही, पण तिची बोटं वळलीही नाहीत. दोघी अंगण ओलांडून गोठ्याशी आल्या.

फाटकाला टेकून युवराज उभा होता. एरवी दिवसपाळीलाही हलवून उठवावं लागणारा.

"भावजी, तुमी कशाला उठला?" शकुबाई म्हणाली. "जावा, झोपा. मी हाय न्हवं हिच्यासंगं."

"व्हय," तो म्हणाला. "दिसतंय की."

आणि तो तिथंच उभा राहिला. रेश्मानं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, नवऱ्याच्या बाजूनं अंग चोरून आत गेली आणि हल्याचं दावं सोडायला वाकली.